उंबरठ्यावरचा वीर : होमरच्या महाकाव्यांतील शौर्य आणि आतिथ्य

१

होमरच्या 'इलिअड' आणि 'ओडिसी' ह्या महाकाव्यांचा विचार आपल्याकडे बहुधा युद्धाच्या अंगाने होतो. अकिलीझचा कोप, हेक्टरचे मरण आणि ट्रॉयचा वेढा ह्यांची तुलना महाभारतातील युद्धपर्वांशी करण्याकडे अभ्यासकांचा ओढा असतो, आणि तो स्वाभाविकही आहे. ह्या काव्यांतील आतिथ्याचा उल्लेख मात्र तत्कालीन ग्रीक समाजातील एक सुंदर रूढी एवढ्यापुरताच येतो. अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या परंपरेशी तिची सांगड घातली, की विषय संपला असे समजले जाते.

प्रस्तुत लेखाची भूमिका निराळी आहे. होमरच्या काव्यांत आतिथ्य हे वीरचरित्राच्या भोवतीचे नक्षीकाम नाही. वीराची खरी कसोटी रणांगणाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, घराच्या उंबरठ्यावर लागते. 'इलिअड'चे अखेरचे मोठे दृश्य एका भोजनाचे आहे आणि 'ओडिसी'तील संहार भोजनगृहातच घडतो, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. ही कसोटी मानली, तर आतिथ्याने वीराचे रक्षण होते की त्याची मर्यादा उघडी पडते, हा प्रश्न पुढे येतो. भारतीय महाकाव्यांशी तुलना करावयाची झाली तर ती ह्या प्रश्नापासून करावी लागेल.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. ग्रीकमधील 'क्सेनोस' ह्या शब्दाचे अर्थ परका, पाहुणा, यजमान आणि आतिथ्याच्या नात्याने जोडलेला मित्र असे चारही आहेत. येणारा आणि स्वागत करणारा ह्या दोघांनाही एकच नाव आहे, कारण आजचा यजमान उद्या दुसऱ्याच्या दारी पाहुणा होणार हे गृहीत आहे. संबंध परस्परांचा, आणि पुढे वारशाने चालणारा. ह्या संबंधाला 'क्सेनिया' म्हणतात आणि त्याचा रक्षक 'झ्यूस क्सेनिओस', म्हणजे परक्यांचा कैवारी झ्यूस, होय. हा शब्द होमरहूनही जुना आहे. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस याने ज्या 'लिनिअर बी' लिपीचा उलगडा केला, त्या लिपीतील मृत्तिकापाट्यांवर कापडाच्या नोंदींत ह्याच शब्दापासून साधलेले विशेषण आढळते. पाहुण्यांसाठी वस्त्रे वेगळी राखून ठेवण्याची व्यवस्था राजवाड्याच्या हिशेबातच होती, असा त्याचा अर्थ लावला जातो.

लॅटिनमध्ये 'होस्टिस' हा शब्द आधी परक्याचा वाचक होता, पुढे तो शत्रूचा झाला. पाहुणा व यजमान ह्या दोन्ही अर्थी वापरला जाणारा 'होस्पेस' हा त्याचाच आप्त. पाउल थीमे ह्या भारतविद्यापंडिताने १९३८ मध्ये ऋग्वेदातील 'अरि' ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'परका' असा मांडला, आणि शत्रुत्व व आतिथ्य ह्या दोन्ही छटा त्यातूनच उगवल्याचे प्रतिपादिले. हे मत सर्वमान्य झाले नाही, तरी त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. दारात उभा असलेला परका शत्रू ठरेल की मित्र, हे अद्याप ठरलेले नसते. ते ठरविण्याची रीत म्हणजे आतिथ्य.

वीरत्वाचा शब्दही आपल्या ओळखीचा आहे. होमरचा वीर 'क्लेओस'साठी झुंजतो. 'क्लेओस' म्हणजे जे ऐकले जाते ते, म्हणजे कीर्ती. हा शब्द संस्कृत 'श्रवस्'चा सगोत्र आहे. अक्षय कीर्ती ह्या अर्थाचे वैदिक व ग्रीक शब्दप्रयोग सजातीय आहेत, ही गोष्ट आडालबर्ट कून याने १८५३ मध्येच दाखवून दिली होती. परंतु ऐकणारा नसेल तर कीर्ती कसली? ती वाहून नेणारे चारण आणि प्रवासी परक्यांच्या पंक्तीला बसूनच ती सांगतात. फाएशियनांचा राजा अल्किनोअस याच्या घरी ओडिसिअस अनाम पाहुणा म्हणून बसलेला असताना डेमोडोकस हा अंध गायक त्याच्याच पराक्रमाचे गीत गातो, आणि ओडिसिअस वस्त्राआड तोंड लपवून रडतो. वीराने रणात मिळविलेली कीर्ती यजमानाच्या पंक्तीत जगते. शौर्य आणि आतिथ्य एकमेकांत गुंतलेली आहेत ती अशी.

३

मौखिक परंपरेतील काव्यांत काही प्रसंग ठरावीक घटकांनी बांधलेले असतात. मिल्मन पॅरी व आल्बर्ट लॉर्ड ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात युगोस्लाव्हियातील गायकांचा अभ्यास करून ह्या रचनापद्धतीवर प्रकाश टाकला. होमरमधील अशा ठरावीक प्रसंगांचे वर्गीकरण वाल्टर आरेंट याने १९३३ मध्ये केले होते. स्वागताचा प्रसंग हा त्यांपैकी महत्त्वाचा. पाहुणा दारात येतो; घरातील कोणीतरी त्याला पाहून लगबगीने उठतो, हात धरून आत आणतो, आसन देतो; हातांवर पाणी, कित्येकदा स्नान आणि नवी वस्त्रे; मग अन्न व मद्य. पाहुण्याची भूक शमल्यावरच त्याला नाव, गाव व कूळ विचारावयाचे. त्यानंतर शय्या, आणि निघताना भेट व पुढच्या प्रवासाची सोय.

ह्या क्रमात एक नीती दडलेली आहे. नाव विचारण्यापूर्वी अन्न द्यावयाचे, म्हणजे समोरचा कोण आहे हे कळण्याआधीच त्याला माणूस म्हणून स्वीकारावयाचे. जो वीर नावासाठी जगतो, त्याला परक्या घरी पहिला घास मात्र निनावी म्हणून मिळतो.

श्रोत्यांना हा क्रम पाठ असल्यामुळे त्यातील प्रत्येक फरक त्यांच्या कानाला जाणवत असला पाहिजे. 'ओडिसी'च्या पहिल्या सर्गात मेंटीझचे रूप घेतलेली अथीना दारात तिष्ठत असलेली पाहून टेलेमेकसला लाज वाटते, आणि ह्या कोवळ्या मुलाचे कुलीनत्व तेवढ्यावरून सिद्ध होते. चौथ्या सर्गात मेनेलेअसचा सेवक, आलेल्यांचे घोडे सोडावेत की त्यांना दुसरीकडे पाठवावे, असे विचारतो आणि धन्याचा रोष ओढवून घेतो. आपण स्वतः परक्यांचे अन्न खाऊनच घरी पोचलो, ह्याचे स्मरण मेनेलेअस त्याला देतो. पॉलिफीमस हा एकाक्ष राक्षस मात्र अन्न देण्याआधीच नाव-गाव विचारतो, झ्यूसची आपल्याला पर्वा नसल्याचे सांगतो आणि पाहुण्यांनाच खातो. क्रम उलटला की मनुष्यत्वच उलटते.

४

ट्रॉयचे युद्धही मुळात आतिथ्याच्या भंगातून उद्भवलेले आहे. पॅरिस हा मेनेलेअसचा पाहुणा होता आणि त्याने यजमानाची पत्नी व संपत्ती नेली. म्हणून तिसऱ्या सर्गात द्वंद्वापूर्वी मेनेलेअस झ्यूसकडे जी प्रार्थना करतो तिच्यात, पुढच्या पिढ्यांनी यजमानाचा अपराध करताना थरकापावे, अशी मागणी आहे. असे असले तरी कवी ह्या युद्धाला आतिथ्याच्या रक्षणाचे धर्मयुद्ध होऊ देत नाही. त्याचा प्रत्यय 'इलिअड'च्या सहाव्या सर्गात येतो.

ह्या सर्गाच्या आरंभी डायोमीडीझ हा ग्रीक वीर अ‍ॅक्सिलस नावाच्या माणसाला ठार करतो. अ‍ॅक्सिलसचे वर्णन कवीने जेमतेम काही ओळींत केले आहे. तो अरिस्बेचा रहिवासी, सधन, लोकांना प्रिय. रस्त्याकाठी त्याचे घर होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांचे तो स्वागत करी. परंतु त्या पाहुण्यांपैकी एकही त्या दिवशी त्याच्यापुढे उभा राहून त्याचे मरण टाळू शकला नाही.

ह्यानंतर सुमारे शंभर ओळींनी हाच डायोमीडीझ ट्रॉयच्या पक्षाच्या ग्लॉकससमोर येतो. त्याचे कूळ ऐकताच तो भाला जमिनीत रोवतो. ग्लॉकसचा आजा बेलेरोफॉन आणि डायोमीडीझचा आजा ओइनेउस ह्यांचे आतिथ्याचे नाते होते. ओइनेउसने बेलेरोफॉनला वीस दिवस घरी ठेवून घेतले होते. एकाने जांभळ्या रंगाने झळकणारा कमरपट्टा दिला होता, दुसऱ्याने सोन्याचा दुहेरी प्याला. दोघे वीर युद्धभूमीवर हातात हात घेतात व चिलखते बदलतात. ग्लॉकसचे सोन्याचे, शंभर बैलांच्या मोलाचे. डायोमीडीझचे काशाचे, नऊ बैलांच्या मोलाचे. झ्यूसने ग्लॉकसची बुद्धी हरण केली, असे कवी म्हणतो.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की आतिथ्याची शक्ती आणि तिची सीमा दोन्ही दिसू लागतात. पूर्वजांच्या नावाने बांधलेले नाते दोन शत्रूंना क्षणात मित्र करते. परंतु ज्याने कोणतेही नाते न पाहता सर्वांसाठी दार उघडे ठेवले, त्याला वाचविणारे कोणी नाही. सोन्याच्या बदल्यात काशाची नोंद करून कवीने ह्या मैत्रीलाही एक बोचरी किनार लावली आहे. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओडिसिअसच्या जगासंबंधीच्या ग्रंथात मोझेस फिन्ली याने भेटींची देवाणघेवाण हा त्या समाजाचा कणा असल्याचे दाखविले. अ‍ॅक्सिलसच्या बाबतीत हा कणा उपयोगी पडत नाही. त्याने दिलेल्या अन्नाची परतफेड कवीच्या त्या मोजक्या ओळींखेरीज कोणीही केली नाही.

५

शौर्य आणि आतिथ्य ह्यांतील ताण 'इलिअड'च्या उत्तरार्धात एकाच माणसाच्या अंतःकरणात उतरतो. हा माणूस अकिलीझ होय. नवव्या सर्गात दूत त्याच्या तंबूत येतात तेव्हा तो वाद्यावर पूर्वीच्या वीरांची कीर्ती गात बसलेला असतो. त्यांना पाहताच तो हातातील वाद्यासह उठतो, त्यांना बसवितो आणि पट्रोक्लसला अधिक कडक मद्य मिसळावयास सांगतो. त्यांची मागणी तो झिडकारतो, पण अन्न दिल्यावाचून नव्हे. आतिथ्य त्याच्या अंगी मुरलेले आहे.

पट्रोक्लसच्या मृत्यूनंतर हे सारे जळून जाते. एकविसाव्या सर्गात प्रायमचा एक पुत्र लायकाऑन निःशस्त्र अवस्थेत त्याच्या पुढ्यात सापडतो. ह्या लायकाऑनला अकिलीझने पूर्वी पकडून लेम्नॉस बेटावर विकले होते. लायकाऑन त्याचे गुडघे धरतो आणि एकच आठवण देतो : पकडलेल्या दिवशी मी प्रथम तुझ्याच पंक्तीला अन्न खाल्ले होते. एका पंक्तीचे अन्न हा त्याचा एकमेव आधार. अकिलीझ त्याला 'मित्र' म्हणून संबोधतो, मरण पट्रोक्लसलाही चुकले नाही आणि मलाही चुकणार नाही असे सांगतो, आणि तलवार चालवितो. कीर्तीची परिसीमा गाठू पाहणारा वीर येथे अन्नाचे बंधन तोडतो. मरणापुढे सर्व समान आहेत, हे त्याला कळलेले आहे. परंतु त्या ज्ञानातून अद्याप करुणा निपजलेली नाही.

चोविसाव्या सर्गात त्याच लायकाऑनचा आणि हेक्टरचा पिता प्रायम रात्री एकटा अकिलीझच्या तंबूत येतो, आणि आपल्या पुत्रांना मारणाऱ्या हातांचे चुंबन घेतो. दोघेही रडतात; एक पुत्रासाठी, दुसरा पित्यासाठी आणि पट्रोक्लससाठी. मग अकिलीझ उठतो, वृद्धाला हात धरून उठवितो. येथून पुढे स्वागतप्रसंगाचे घटक एकेक करून येऊ लागतात, परंतु ते दोघांत वाटले गेलेले आहेत. स्नान आणि वस्त्रे मिळतात ती हेक्टरच्या प्रेताला. खंडणीतूनच दोन उपरणी व एक अंगरखा त्यासाठी बाजूला काढला जातो. अन्न आणि शय्या मिळते ती त्याच्या पित्याला. पाहुण्याला निघताना द्यावयाची भेट म्हणजे मुलाचे प्रेत आणि अंत्यविधीसाठी युद्धविरामाचे दिवस.

प्रायमने हेक्टरच्या मृत्यूपासून अन्न घेतले नव्हते. अकिलीझ त्याला निओबीची कथा सांगतो : बारा अपत्ये गमावलेल्या तिलाही अखेर अन्नाची आठवण झाली. मग तो स्वतः पांढरी मेंढी कापतो व मांस वाढतो. जेवण झाल्यावर दोघे एकमेकांकडे पाहत राहतात आणि एकमेकांचे कौतुक करतात.

ह्या दृश्याला निव्वळ शांतीचे दृश्य म्हणणे सोपे आहे, पण कवी तसे होऊ देत नाही. जेवणापूर्वी प्रायमने घाई करताच अकिलीझ गुरकावतो आणि झ्यूसची आज्ञा मोडून आपल्या हातून तुझा घात होईल, असा इशारा देतो. प्रेत धुण्याचे काम तो प्रायमच्या दृष्टिआड करवितो, कारण पित्याचा शोक उफाळला तर आपलाही क्रोध आवरणार नाही, हे तो जाणतो. हे आतिथ्य प्रत्येक क्षणी मोडण्याच्या बेतात आहे. बाराव्या दिवशी युद्ध पुन्हा सुरू होणार आहे आणि दोघांपैकी कोणीही ते थांबवू शकत नाही. तरीसुद्धा लायकाऑनला नाकारलेले अन्न येथे प्रायमला मिळते. अकिलीझचे थोरपण त्याने किती जणांना मारले ह्यापेक्षा, मारण्याचे सामर्थ्य आणि कारण दोन्ही असताना त्याने एका रात्रीपुरता तो हात आवरला, ह्यात आहे.

६

'ओडिसी' हाच प्रश्न उलट बाजूने मांडते. तिचा नायक बहुतेक सारे काव्यभर पाहुणा आहे, आणि अखेर तो स्वतःच्याच घरी भिकाऱ्याच्या वेषात परका म्हणून येतो. त्याचे खरे आतिथ्य करणारा आहे यूमीअस, डुकरे राखणारा गुलाम. परके आणि भिकारी झ्यूसकडून येतात, हे तत्त्व राजकन्या नॉसिकाच्या तोंडी येते तसेच ह्या गुलामाच्याही तोंडी येते. राजकन्या व गुलाम ह्यांना एक भाषा देऊन कवीने ह्या रूढीला सरदारांच्या कुंपणाबाहेर नेले आहे.

घरात १०८ विवाहेच्छू पुरुष पेनेलोपीच्या नावाने दुसऱ्याचे अन्न खात बसलेले आहेत. त्यांपैकी क्टेसिपस बैलाचा खूर भिकाऱ्याच्या अंगावर फेकतो आणि त्याला पाहुण्याची भेट म्हणतो. पुढे त्याला ठार करणारा गुराखी फिलीशिअस ह्याच शब्दांचा हिशेब त्याच्याशी चुकता करतो.

संहार ज्या धनुष्याने होतो त्याचा इतिहास कवी एकविसाव्या सर्गात सांगतो. ते इफिटसने ओडिसिअसला दिलेली मैत्रीची भेट होती; ओडिसिअसने त्याला तलवार व भाला दिला होता. ते एकमेकांच्या पंक्तीला कधीच बसू शकले नाहीत, कारण घोड्यांच्या लोभाने हेराक्लीझने इफिटसला, तो त्याच्या घरी पाहुणा असताना, मारले. ओडिसिअसने हे धनुष्य ट्रॉयला नेले नाही. मित्राचे स्मरण म्हणून घरीच ठेवले. म्हणजे महायुद्धात न वापरलेले, आतिथ्याचे चिन्ह असलेले शस्त्र यजमान आपल्याच भोजनगृहात चालवितो. पहिला बाण अँटिनोअसच्या कंठात लागतो तो त्याने सोन्याचा प्याला उचलला असताना; मेज उलटते आणि अन्न रक्तात मिसळते.

हा न्याय आहे काय? आहे, असे काव्य म्हणते. परंतु निःशंकपणे नव्हे. ज्याला ओडिसिअसने स्वतः सावध केले होते तो सौम्य अँफिनोमसही मरतो. गुडघे धरणारा लिओडीझ मरतो. गायक फीमिअस व दूत मेडॉन मात्र वाचतात. मृतांचे आप्त शस्त्रे घेऊन येतात आणि देवतेने मध्ये पडल्याशिवाय रक्तपात थांबत नाही. दुसरीकडे, ज्यांनी ओडिसिअसला निष्कलंक आतिथ्य दिले त्या फाएशियनांचे जहाज पोसायडनने शिळा करून टाकले, आणि परक्यांना पोचविणे त्यांना थांबवावे लागले. आतिथ्य पाळणाऱ्याचे भले होतेच, असे होमर कोठेही म्हणत नाही. ते पाळणे आवश्यक आहे, एवढेच त्याचे म्हणणे दिसते.

७

आता आपल्या परंपरेकडे वळू. ग्रीकमध्ये येणारा व स्वागत करणारा ह्यांना एकच शब्द आहे. आपल्याकडे ते शब्द वेगळे आहेत. मराठीतील 'पाहुणा' संस्कृत 'प्राघुण'वरून आला, आणि घरधन्याला आपण 'यजमान' म्हणतो, म्हणजे यज्ञ करणारा. हा शब्दच सांगतो की अतिथीला अन्न देणे हा आपल्या शास्त्रांत गृहस्थाने करावयाचा यज्ञ आहे. परतफेड अपेक्षित असेल तर ती पुण्याच्या रूपाने, पाहुण्याकडून नव्हे. अतिथी उपाशी राहिला तर दोष घरधन्याला लागतो; कठोपनिषदात तीन रात्री अन्नाविना राहिलेल्या नचिकेताला प्रत्यक्ष यमाने तीन वर दिले ते म्हणूनच. होमरच्या जगात हे नाते दोन कुळांमधील कराराच्या जवळ जाते. दोन्ही परंपरांना एकच नाव दिल्यास हा भेद पुसला जातो.

मात्र तुलनेची खरी जागा ह्या भेदापलीकडे आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन वाटेवर शल्याचे गुप्तपणे आतिथ्य करतो आणि प्रसन्न झालेल्या शल्याकडून आपल्या पक्षाने लढण्याचे वचन मिळवितो. ग्लॉकस व डायोमीडीझ ह्यांना ज्या रूढीने युद्धातून बाहेर काढले, तीच येथे भाच्यांविरुद्ध मामाला युद्धात ओढते. दोन्ही कवींना आतिथ्याची शक्ती ठाऊक आहे, आणि तिचा गैरवापर होऊ शकतो हेही.

आणि युद्ध संपल्यावर, आश्वमेधिक पर्वात, युधिष्ठिराच्या यज्ञमंडपात अर्धे अंग सोन्याचे असलेले मुंगूस येते. कुरुक्षेत्रात उंछवृत्तीने राहणाऱ्या एका कुटुंबाने दुष्काळात आपले सातू भुकेल्या अतिथीला दिले. त्या अन्नाच्या कणांत लोळून त्याचे अर्धे अंग सोन्याचे झाले. ह्या महायज्ञात मात्र उरलेले अंग तसेच राहिले. विजयी सम्राटाचा अश्वमेध एका मापट्याभर सातूपुढे उणा ठरतो. अकिलीझच्या तंबूतील भोजन आणि हे सातू ह्यांत रूढीचे साम्य फारसे नाही. एकात शत्रू शत्रूला वाढतो, दुसऱ्यात भुकेलेला भुकेल्याला. परंतु वीरकथेच्या अखेरीस दोन्ही कवी वीराचे कर्तृत्व एकाच तराजूत घालतात, आणि दुसऱ्या पारड्यात अन्न ठेवतात. तुलनात्मक अभ्यासाने दोन रूढींतील सारखेपणा मोजण्याऐवजी हा तराजू न्याहाळावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. अ‍ॅक्सिलसच्या घराचे दार रस्त्याकडे उघडे होते, एवढेच त्याच्याविषयी आपल्याला ठाऊक आहे. तरीही त्याला मारणाऱ्या वीराच्या गाथेत कवीला त्या दाराचा उल्लेख टाळता आला नाही.